डोंगराला बांधलेली दोरी

डोंगराला भेग पडल्याचं मला आत्याने कळवलं नाही. घोडेगावच्या एका जीपवाल्याने सांगितलं. आत्या त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहत होती, तिच्या ताब्यात बेचाळीस मुली होत्या, आणि रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आमचं फोनवर बोलणं होत असे. त्या बोलण्यात भेग कधी आली नव्हती. नंतर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत असेल. तू पेपरात आहेस."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आम्ही मूळचे नगरकडचे कॅथलिक. वडील मंचरला एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. आत्या विसाव्या वर्षी सिस्टर झाली. गेली अकरा वर्षं ती डिंभे धरणाच्या पुढे, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीजवळ मुलींचं वसतिगृह सांभाळत होती. मुली आसपासच्या भात आणि नाचणी करणाऱ्या घरांतल्या, सगळ्या हिंदू. वसतिगृह म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन लांब खोल्या, एक स्वयंपाकघर आणि टोकाला प्रार्थनेची खोली. मागे लगेच चढ सुरू होत होता. मी मंचरमध्ये एका दैनिकाचं तालुक्याचं काम पाहतो. बाजार समितीतले कांदा-बटाट्याचे भाव, महामार्गावरचे अपघात, सत्कार, निधन.

प्रार्थनेच्या खोलीत एका तरुण फ्रेंच सिस्टरचं चित्र होतं. ही संत सव्वाशे वर्षांपूर्वी क्षयाने गेली, पंचविशीही न गाठता. मोठं असं काम तिच्या नावावर नाही. लहान मूल बापाच्या कडेवर जसं निर्धास्त असतं तसं देवाजवळ असावं आणि हातात येईल ते छोटं काम प्रेमाने करावं, एवढंच तिचं सांगणं. मेल्यानंतर ती वरून गुलाब पाठवते अशी आमच्या लोकांची श्रद्धा आहे. त्यातून एक प्रथा आली. नऊ दिवस तिची नोव्हेना करायची, म्हणजे ठरलेली प्रार्थना रोज ठरल्या वेळी म्हणायची. मागणं एकच. त्या नऊ दिवसांत कुठूनही गुलाब हाती आला, तर मागणं ऐकलं गेलं असं समजायचं. गुलाब कुणाकडे मागायचा नसतो, विकतही आणायचा नसतो. तो यावा लागतो.

आत्या त्या संतेला 'आमची छोटी' म्हणायची, शाळेतल्या मैत्रिणीबद्दल बोलावं तशी. देवावर ती जशी विसंबायची तशीच माणसांवर. एकदा एका फेरीवाल्याने तिला लोकरीची म्हणून चादरींची चळत विकली. पहिल्या धुण्यात रंग गेला आणि लोकर नव्हतीच हे कळलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला तेव्हा आत्याने त्याला चहा दिला, आणि त्या चादरी खोट्या निघाल्या हे त्याला सांभाळून सांगितलं, कारण त्यालाही कुणीतरी फसवलं असणार अशी तिची खात्री होती. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी वरच्या वाडीतल्या, जिभेने तिखट. त्या मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, सिस्टरला कुनी सांगितलं ना, का डोंगर रातचा धरनावर पानी प्यायला जातो, तर त्या फाटक उघडं ठिवतील."

जीपवाल्याने सांगितलं त्याच दिवशी मी वर गेलो. मावशींनी मला चढावर नेलं. वसतिगृहापासून दोनशे पावलांवर भेग होती, कोयत्यासारखी वाकलेली, तळहात आडवा जाईल इतकी रुंद. तिच्या खालच्या बाजूचं हिरड्याचं झाड दरीकडे कललं होतं. वरच्या वाडीतले एक म्हातारे बाबा भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी ठोकत होते. ठोकण्याआधी त्यांनी दोन्ही जागी हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. जमिनीत काही ठोकायचं तर तिला आधी सांगावं लागतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी खुंट्यांना काथ्याची दोरी बांधली, मध्ये दोन बोटं झोल ठेवून. भेग रुंदावली की झोल जाणार, दोरी ताणणार. तुटली तर खाली माणूस ठेवायचं नाही. हे त्यांनी मला समजावलं. मी वहीत लिहून घेतलं आणि फोटो काढला.

आत्या तेवढ्यात धापा टाकत चहाची किटली घेऊन वर आली. समजावणं तोवर संपलं होतं. बाबांनी तिला इतकंच सांगितलं, "सिस्टर, ह्या दोरीवर ध्यान ठिवा. तुटली तर मला हाक मारा." आत्याने कुंकवाच्या खुंटीला दोन्ही हातांनी स्पर्श केला आणि मान हलवली. मी ते पाहिलं. दोन दिवसांनी बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जुन्नरला लेकीकडे गेले.

भेगेची छोटी बातमी आली. तालुक्यात पूर्वी एका गावावर डोंगर आला होता आणि ते कुणी विसरलेलं नव्हतं. अकरा मुलींना त्यांचे आईबाप येऊन घेऊन गेले. उरलेल्या एकतीस. मुलींना हलवायचं की ठेवायचं, हे कुणी आत्याला लेखी सांगत नव्हतं. हलवायचं तर कुठे, हेही नाही. तिने नोव्हेना सुरू केली. मी फोनवर मागणं विचारलं.

"मुलींना काही होऊ नये," ती म्हणाली. "दुसरं काय मागू?"

प्रार्थना संध्याकाळी सहाला व्हायची. मुलींना सक्ती नव्हती, पण पत्र्यावरचा पाऊस ऐकत वेगवेगळं बसण्यापेक्षा त्या आत येऊन भिंतीला टेकून बसत. सातला मला फोन येई. दुसऱ्या दिवशी आत्याने सांगितलं की प्रार्थनेच्या खोलीचं दार लागत नाही, लाकूड फुगलं असेल. चौथ्या दिवशी झऱ्याचं पाणी तांबडं आलं. तिने ते गाळून, उकळून मुलींना दिलं. सहाव्या दिवशी प्रार्थना चालू असताना पत्र्यावर बारीक खडे पडले. मुलींना वाटलं माकडं आली. एकजण बाहेर जाऊन बघून आली, माकडं नव्हती. मग त्यांनी पुढची प्रार्थना म्हटली. हे सगळं ती गावातली खुशाली सांगावी तसं सांगे. मी ऐकत असे आणि वहीत टिपून ठेवत असे. पावसाळ्यात दारं फुगतात, झरे गढूळ होतात, उतारावरून खडे येतात, असं मीही स्वतःला सांगितलं. दोरीचं मात्र मी रोज विचारत होतो.

"दोरी ठीक आहे ना?"

"ठीक आहे. मी रोज वर जाऊन बघते."

ती खोटं बोलत नव्हती.

नवव्या दिवशी पाहणी झाली. तालुक्याहून एक साहेब आले, बरोबर दोन कर्मचारी आणि एक कारकून. मीही त्यांच्या मागोमाग पोचलो. आमच्या भागात कुणीही पाहुणा आला की गुलाब देतात. शाळेचा पहिला दिवस असो, बदली होऊन आलेला फौजदार असो की पाणीपुरवठ्याचा ठेकेदार, सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं एक लाल गुलाबपुष्प असतंच. त्या आठवड्यात मी असे स्वागताचे चार कार्यक्रम केले होते. सरपंचांनी घोडेगावहून एक गुलाब आणला होता. तो त्यांनी चिखलात उभ्या साहेबांना दिला, मी फोटो घेतला.

साहेब वर चढले. भेगेपाशी उभे राहून त्यांनी दम घेतला. भेग गवताने आणि वाहून आलेल्या मातीने अर्धी बुजली होती. तिची कड नेमकी कुठे हे सांगणं अवघड होतं. दोरी मात्र स्पष्ट दिसत होती. ती पंधरवड्यापूर्वी बांधल्याचं सरपंचांनी सांगितलं, भेग रुंदावली तर ती ताणते हेही सांगितलं. साहेबांनी दोरीखाली बोट घातलं. दोन बोटं झोल होता. आत्या तेव्हा कुठे मागाहून वर पोचली. त्यांनी तिला विचारलं, इथे राहताना काही वेगळं जाणवलं का. तिने दाराचं सांगितलं, झऱ्याचं सांगितलं, खड्यांचं सांगितलं. ते म्हणाले, पावसाळ्यात हे चालायचंच. मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं, "तूर्त धोका नाही. दोरीच सांगतेय." मी फोटो घेतला. दोरीकडे मीही पाहिलं होतं. कारकुनाने लिहून घेतलं.

खाली आल्यावर चहा झाला. जीपमध्ये बसताना साहेबांच्या हातात तो गुलाब होता. कुठे ठेवावा हे त्यांना सुचलं नाही म्हणा किंवा मनापासून म्हणा, त्यांनी तो आत्याच्या हातात दिला. खरा सत्कार तर तुमचा व्हायला पाहिजे सिस्टर, असं काहीतरी ते म्हणाले.

आत्या तो गुलाब धरून उभी राहिली. सेलोफेनवर पावसाचे थेंब पडत होते. तिच्या चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काही नव्हतं. बाजारात हरवलेल्या मुलाला आई दिसल्यावर त्याचा चेहरा जसा सैल पडतो, तसा तिचा झाला. मला त्या गुलाबाचा अर्थ माहीत होता. तिथे उभ्या असलेल्यांत तो तिला आणि मलाच माहीत होता. तो गुलाब कुठून कसा आला, किती जणांच्या हातांतून आला, असे किती गुलाब त्या आठवड्यात मी पाहिले, हे मी तिला सांगू शकलो असतो. मी जीपच्या मागे गाडी काढली. बातमी पाचच्या आत पाठवायची होती.

दुसऱ्या दिवशी दोन कॉलमांत मथळा आला: वसतिगृहाला तूर्त धोका नाही. खाली साहेब दोरीला बोट लावताहेत असा फोटो. त्यानंतरच्या तीन दिवसांत अकराही मुली परत आल्या. एका मुलीच्या वडिलांनी कात्रण शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. त्यांनी ते आत्याला उघडून दाखवलं. आत्याने मला हे फोनवर सांगितलं. तिला माझं कौतुक वाटलं होतं.

पाचव्या दिवशी कार्यालयातून निरोप आला की पश्चिम पट्ट्यातल्या भेगांवर एक पान करायचं आहे, फोटो पाठव. मी दोन्ही वेळचे फोटो संगणकावर शेजारी शेजारी उघडले. पहिल्या फोटोत दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत काथ्याची, दोन खुंट्यांना दोन गाठी. दुसऱ्या फोटोत मध्ये एक निळा तुकडा होता, नायलॉनचा, सुमारे वीतभर. गाठी मोजल्या. सहा होत्या. झोल त्या निळ्या तुकड्याचा होता.

सकाळी उजाडताच मी निघालो. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होतो. गुलाब आल्यावर तिला हलवणं सोपं जाणार नाही हे मी धरून चाललो होतो. धर्मगुरूंना मध्ये घालावं लागेल, तिच्या वरिष्ठ सिस्टरांना फोन करावा लागेल, वेळ जाईल. डिंभ्याच्या पुढे पाऊस जोराचा होता आणि दोन ठिकाणी रस्त्यावर माती आली होती.

आत्या स्वयंपाकघरात मावशींबरोबर सुपात तांदूळ घेऊन बसली होती.

"आत्या, वरच्या दोरीला निळा तुकडा कुणी जोडला?"

"मी."

"कधी?"

"दोनदा तुटली ती. एकदा नुसती ताणली होती, तेव्हा गाठ सोडून सैल केली."

"तुटली तर बाबांना हाक मारायची होती ना?"

"ते जुन्नरला. डोळ्याला पट्टी. त्यांना कशाला त्रास? आणि म्हाताऱ्या माणसाचा नवस तुटलेला कसा ठेवायचा?"

मला समजायला क्षण लागला. तिने हळद-कुंकू पाहिलं होतं, फुटलेला नारळ पाहिला होता. बाबांनी डोंगर देवाला बांधून ठेवलाय असं तिने मानलं. तिचा तो देव नव्हता, पण दुसऱ्याची श्रद्धा आपल्या हातून तुटू द्यायची नाही हा तिचा नियम होता. पाऊस असो नसो, ती रोज वर जात होती, दोरी दुरुस्त करत होती, आणि प्रत्येक गाठीला एकदा प्रभूची प्रार्थना म्हणत होती.

मी तिला दोरी कशासाठी होती ते सांगितलं. एक मिनिटही लागलं नसेल. मावशींचा हात तांदळात थांबला.

आत्याने विचारलं, "म्हणजे डोंगर सरकतोय?"

"हो."

"तुला नक्की माहीत आहे?"

"हो."

तिने सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि बाहेर जाऊन घंटा वाजवली. गुलाबाचं नाव तिने काढलं नाही. वाटेत तयार केलेलं एकही वाक्य मला लागलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण भीती वाटली. पाच-सहा दिवसांपूर्वी साहेबांवर आणि त्याआधी चादरीवाल्यावर तिने ज्या सहजतेने विश्वास ठेवला होता, त्याच सहजतेने आता माझ्यावर ठेवला होता.

मंचरच्या बाजारपेठेत एक मारवाडी दुकानदार आहेत, वसतिगृहाला दरवर्षी तांदूळ देणारे. त्यांना फोन केला. काय, कशासाठी हे न विचारता त्यांनी टेम्पो पाठवला. घोडेगावहून दोन जीप आल्या. मुलींच्या पेट्या तिथेच सोडल्या. मावशी कुकर सोडायला तयार नव्हत्या. "नवा हाय भाऊ, डोंगराच्या बापाचा नाय," असं म्हणून त्यांनी तो मांडीवर घेतला. शेवटच्या खेपेत आत्या बसली. पहिली गाडी निघण्याआधीच तिने वहीतून बेचाळीस नावं वाचली होती आणि प्रत्येकीचा "हजर" ऐकून घेतला होता. दुपारी दोनच्या आत जागा रिकामी झाली. मुलींना घोडेगावातल्या एका सभागृहात ठेवलं. साहेबांच्या कार्यालयात मी फोन करून कळवलं. पलीकडून विचारणा झाली की हलवण्याचा आदेश कुणी दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास डोंगर खाली आला. मी दीड तासात पोचलो. हिरड्याचं झाड मुळासकट स्वयंपाकघराच्या जागी उभं होतं. मातीने मागची भिंत आत घेऊन पुढच्या भिंतीतून बाहेर काढली होती. पहिल्या खोलीचा पत्रा ओढ्यात पडला होता, दुसरीत खिडकीपर्यंत चिखल होता. अकराला पहिली-दुसरीच्या मुली जेवायला बसत. मावशी हट्टाने माझ्याबरोबर आल्या होत्या. चूल जिथे होती त्या दिशेने त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

आठवड्याने त्याच सभागृहात पालकांची बैठक झाली. साहेब होते, सरपंच होते, कारकून टेबलाच्या कडेला वही उघडून बसला होता. प्रशासनाच्या सतर्कतेमुळे मोठी हानी टळली, असं साहेबांनी सांगितलं. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मग आत्या उभी राहिली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"साहेबांनी पाहिली ती दोरी मी बांधलेली होती," ती म्हणाली. "बाबांची दोरी तुटली होती. ती मी जोडली आणि सैल केली. ती कशासाठी आहे हे मला कळलं नव्हतं. मुली परत आल्या त्या त्यामुळे."

खिशात कात्रण ठेवणारे वडील उभे राहिले. "आन आमच्या पोरी तिथंच राहिल्या असत्या तर, सिस्टर?"

"मेल्या असत्या," आत्या म्हणाली.

साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली. गेला आठवडाभर ते ताठ बसलेले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं आणि कारकुनाने लिहायला घेतलं. सिस्टरांनी मोठ्या मनाने सांगितलं, असं म्हणून त्यांनी पुढे जोडलं की दाखवलेल्या दोरीवरूनच त्यांनी निष्कर्ष काढला होता.

मागून मावशींचा आवाज आला. "दोरीला गाठी किती, ते मोजायला कुनाला हात नव्हतं व्हय? आन पेपरात कुनी लिवलं व्हतं, धोका नाय म्हनून? भाऊ, तुमीच ना?"

सगळे माझ्याकडे वळले.

"ते साहेबांचं म्हणणं होतं," मी म्हणालो. "मी अवतरणचिन्हांत दिलं होतं."

बातमीत चिन्हं होती. मथळ्यात नव्हती, आणि मथळा मीच दिला होता. हे मी बोललो नाही.

आत्या अजून उभीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या वडिलांकडे. "खरं आहे," ती त्यांना म्हणाली. "तो खोटं लिहीत नाही."

ते वडील खाली बसले. कारकून अजून तिचंच आधीचं दोरीबद्दलचं बोलणं लिहीत होता. एक शब्द त्याला नीट ऐकू आला नव्हता, म्हणून त्याने मान वर करून तिला तो पुन्हा विचारला, आणि तिने सावकाश सांगितला.